टाइमशीटमध्ये नसलेला रकाना

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात अमुक कंपनी येणार, तितक्या तरुणांना नोकऱ्या मिळणार, अशा बातम्या मी आपल्या दैनिकात आवडीने वाचतो. नागपूरच्या मुलांना पुण्या-बंगळुरूची वाट धरावी लागू नये असे मलाही वाटते. सात वर्षे पुण्यात काढून मी स्वतः त्याच ओढीने परत आलो. मात्र या बातम्या कार्यालयाच्या काचेच्या दारापाशी थांबतात. दाराच्या आतली एक गोष्ट सांगावी म्हणून हे पत्र.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सहकारी बसतो. कागदोपत्री त्याचा अनुभव पाच वर्षांचा आहे. माणूस मनाने चांगला, डबा उघडला की आधी दुसऱ्यापुढे करणारा. पण काम त्याला येत नाही आणि येत नाही हे त्याला उमगतही नाही. सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत तो 'नव्वद टक्के झाले' असे सांगतो आणि सलग तीन आठवडे ते नव्वदच राहते. एकदा एक चाचणी वारंवार नापास होत होती, तेव्हा चूक शोधण्याऐवजी त्याने ती चाचणीच कॉमेंट करून टाकली, म्हणजे चालणारच नाही अशी बंद केली, आणि सगळे हिरवे, म्हणजे पास, दिसत असल्याचे कळवले. शुक्रवारी रात्री तो कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे लोकांच्या प्रत्यक्ष वापरात, गेला आणि विम्याचा हप्ता वेळेवर भरलेल्या लोकांना हप्ता थकल्याचे संदेश पोहोचले. तो शनिवार आणि रविवार माझा गेला.

अशा प्रसंगांचा संताप लोकांना समजतो, पण त्याहून जीव खाणारा आहे तो कंटाळा. त्याने लिहिलेल्या सहाशे ओळी वाचायच्या, त्यावर तीस शेरे लिहायचे, 'भाऊ, तुम्हीच पाहून द्या ना' हे ऐकायचे, पाहून द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या फाइलमध्ये पुन्हा भेटायची. आपल्याला जे अवघड काम जमते ते बाजूला पडून राहते आणि दिवस दुसऱ्याचे सांडलेले पुसण्यात जातो. गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडताना मी मनातल्या मनात त्याचे नाव घेतले होते. त्याची आता थोडी लाज वाटते, कारण खरी पीडा तो नाही.

आमच्यासारख्या अनेक प्रकल्पांत ग्राहक माणशी पैसे मोजतो. खुर्चीवर माणूस असला की बिल निघते. ती रिकामी झाली की बिल थांबते, आणि नवा माणूस घ्यायचा तर त्याच्या आधीच्या कंपनीतली नव्वद दिवसांची नोटीस संपेपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे व्यवस्थापक 'सांभाळून घ्या' म्हणतात, ते त्यांच्या हिशेबाने चुकीचेही नसते. त्याला शिकवायला मात्र त्या हिशेबात जागा नाही. ज्याला जमते त्याच्याकडे आणखी काम येते, ज्याला जमत नाही त्याचे काम हलके होते, आणि वर्षअखेरीच्या मूल्यांकनात दोघांच्या पगारवाढीत जेमतेम एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो.

दुसऱ्याचे काम तपासणे हे फुकटात होणारे, फावल्या वेळातले काम समजले जाते, हे मला सर्वांत खटकते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. त्या सर्व्हरवरचा जुना, निरुपयोगी कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ते काम दुसऱ्या कोणी तपासलेच नव्हते, हे पुढच्या सरकारी चौकशीत नोंदवले गेले. आमच्याकडे तपासणारा आहे, फक्त त्याचे तास कुठे लिहायचे हे ठरलेले नाही. कामाचे तास नोंदवायच्या टाइमशीटमध्ये 'रजा' आहे, 'प्रशिक्षण' आहे, 'बैठक' आहे. 'दुसऱ्याचे निस्तरले' असा रकाना नाही. तो असता तर कच्च्या माणसाला न शिकवता खुर्चीवर बसवून ठेवणे किती महाग पडते, हे वरच्यांना महिनाभरात आकड्यांत दिसले असते आणि मला कोणाची चहाडी करावी लागली नसती.

मागच्या शुक्रवारी मी तसा प्रयत्न केला. त्या आठवड्यात त्याच्या कामावर गेलेले माझे नऊ तास मी त्याच्याच टिकिटाचा, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या कामाच्या नोंदीचा, क्रमांक घालून स्वतंत्र ओळीत लिहिले. सोमवारी सकाळी टाइमशीट परत आली. नऊ खोडून तिथे 'कोड रिव्ह्यू, १ तास' असे लिहावे, अशी नम्र सूचना सोबत होती.

आपला,
एक संगणक अभियंता,
नागपूर