तांडेलाचा शब्दही पुरावा माना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वेसाव्याचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. संरक्षित जीव सोडवताना कापलेल्या जाळ्याच्या सरकारी भरपाईबद्दल लिहितो आहे. ३८ वर्षं दर्यावर काढली. तीन वर्षांपूर्वी थंडीत, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, ओढता ओढता जाळं एकदम जड झालं आणि अंधारात कुणी दमलेला माणूस श्वास टाकावा तसा आवाज आला. मी बॅटरी मारायच्या आतच आमचा खलाशी ओरडला, "सोंस है, सोंस!" गादाचं, म्हणजे आमच्या समुद्रातल्या डॉल्फिनचं, पिल्लू होतं. शेपूट जाळ्यात पार पिळून गेलेली. आई होडीभोवती फेऱ्या मारत होती.

हा खलाशी बिहारमधल्या कहलगावचा. गंगेतल्या डॉल्फिनला त्यांच्याकडे सोंस म्हणतात, श्वासाच्या आवाजावरून. सोंसाला जवळजवळ दिसतच नाही, आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर तो वाट काढतो. आमच्या गादाला डोळे आहेत. पण दोघेही हवेवर जगतात. जाळ्यात पाण्याखाली अडकले की काही मिनिटांत संपले. जाळं नवं होतं, नारळी पुनवेच्या आधी कर्ज काढून घेतलेलं. खरं सांगतो, सुरी धरलेला माझा हात क्षणभर थांबला. त्या पोराचा नाही थांबला. पिल्लू सुटलं, दोनदा वर येऊन श्वास घेतला आणि आईच्या कुशीला लागून गेलं.

परतताना तो बोलत होता. त्याचा आजा सोंसाचं तेल मासे खेचायला वापरायचा, बापाने ते सोडलं. आजाच्या काळी नदीत जाळं टाकायचं तर जमीनदाराला कर द्यावा लागे. त्याविरुद्ध १९८२ साली कहलगावच्या कागजी टोला या वस्तीतून गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं आणि १९९१ मध्ये पारंपरिक मच्छीमारांवरचा तो कर गेला. त्याच वर्षी, त्याच पात्रात, सुलतानगंज ते कहलगाव विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य जाहीर झालं. ही दोन कामं एकाच वर्षी झाली हे मला फार मोठं वाटतं. नदी आपली आहे असं वाटलं तरच माणूस तिच्यातल्या जीवाची राखण करतो. आज गंगाकाठचे गावकरी 'गंगा प्रहरी' म्हणून हे काम करतात.

मार्च २०२५ मध्ये नदीतल्या डॉल्फिनच्या मोजणीचा आकडा आला: ८ राज्यांतल्या २८ नद्यांत मिळून ६,३२७. त्यातले २,२२० एकट्या बिहारमध्ये. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं, म्हणून एकेक जीव मोलाचा. आपल्या किनाऱ्यावरचा पाठीला उंचवटा असलेला गादाही धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. त्याची बातमी मात्र तो मरून किनाऱ्याला लागला की येते.

आपल्या राज्याने डिसेंबर २०१८ पासून चांगली योजना आणली आहे. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किती तरी कासवं आणि व्हेल शार्क यामुळे सुटले, त्याबद्दल मनापासून आभार. पण अर्जाला फोटो किंवा व्हिडिओ लागतो. त्या पहाटे दोघे जाळं धरून, एक जण पिल्लाचं डोकं पाण्यावर धरून आणि मी सुकाणूवर. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, डब्यात. फोटो काढत बसलो असतो तर पिल्लू मेलं असतं. म्हणून मी अर्ज केलाच नाही. बंदरावर विचारा, असे आणखी बरेच भेटतील.

संबंधितांना हात जोडून विनंती आहे. अर्जासोबत जोडायच्या कागदांत फोटोला पर्याय म्हणून एक ओळ वाढवा: तांडेलाचा आणि दोन खलाशांचा जबाब, मच्छीमार सोसायटीच्या शिक्क्यासह.

आपला,
एक तांडेल, वेसावे, मुंबई