वजनकाट्यावरच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. ट्रकच्या वजनकाट्यावर तुमच्या मागे आमची गाडी उभी होती, सहलीत राहायचा ट्रेलर जोडलेली. मागून पार खाली बसलेली. स्टिअरिंग विचित्र हलकं लागत होतं म्हणून घाबरून आलो होतो. तुमचं वजन झालं होतं, तुम्हाला निघायचं होतं. तरी ट्रक बाजूला लावून तुम्ही आमच्यापाशी आलात.

त्याआधी मी गाडी विकणाऱ्याला विचारलं होतं, ट्रेलर विकणाऱ्यालाही विचारलं होतं. दोघांचं उत्तर एकच: गाडी ७,५०० पौंड ओढते, ट्रेलर ५,००० चा, बिनधास्त जा. ते ५,००० रिकाम्या ट्रेलरचे होते. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं भरल्यावर काटा ६,५०० वर गेला. आणि ओढायची ताकद वेगळी, पाठीवर पेलायची वेगळी, हे तर दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. मुली मागच्या सीटवर होत्या, काका.

तुम्ही चालकाचं दार उघडून खाली वाकलात आणि तिथल्या स्टिकरवरचा आकडा वाचलात: माणसं आणि सामान मिळून १,४०० पौंड. मग पावतीच्या मागे हिशेब मांडलात. पहिली ओळ: माणसं, ५६०. त्याखाली हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, ९०, गाडीतलं सामान १००, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा गाडीवर येणारा भार ८४५. बेरीज १,५९५.

मी म्हटलं, ट्रेलरमधलं सामान मागे सरकवतो, पुढचा भार कमी होईल. तुम्ही लगेच थांबवलंत. तो भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांखाली गेला तर ट्रेलर रस्त्यावर झोकांड्या खाईल, म्हणालात. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. "हा आकडा कमी करायचा नाही. बाकीचे करता येतात."

त्या दोघांच्या हिशेबात आम्ही माणसं कुठेच नव्हतो. तुम्हाला आमच्याकडून एक पैसा मिळायचा नव्हता, आणि तुमच्या कागदावर आम्ही सगळ्यात वर होतो. अशी माणसं भेटतात म्हणून अनोळखी रस्त्यावर निघायचा धीर होतो.

तो ट्रेलर आम्ही विकला, तोट्यात. आताचा भरून ४,४०० पौंडांचा आहे, पुढचा भार ५७२. सगळं धरून १,३२२.

परवा सहलीचा हिशेब थोरलीने मांडला. मी काही सांगायच्या आत तिने पहिल्या ओळीत आम्हा चौघांची वजनं लिहिली.