राज्याचा बदललेला कायदा वकिलापर्यंत पोहोचवायचा कोणी? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्य कायद्यांतील दुरुस्त्या आणि व्यावसायिक नीती यांविषयी वकिलांचे निरंतर प्रशिक्षण.

महोदय,

सादर नमस्कार. मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी आणि महसुली कामे चालवणारी वकील आहे. विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात काही कायदे दुरुस्त होतात, अधिवेशन नसते तेव्हा अध्यादेश निघतात, राजपत्रात ते छापले जातात आणि त्या दिवसापासून ते सर्वांना माहीत आहेत असे गृहीत धरले जाते. ज्या वकिलाच्या सल्ल्यावर माणसे जमिनी घेतात, विकतात, वाटण्या करतात आणि दावे लावतात, त्या वकिलाला ही दुरुस्ती कळली की नाही, हे पाहण्याची कोणतीही व्यवस्था आज महाराष्ट्रात नाही. ती उभी करण्यासाठी आपण पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्याचेच उदाहरण घ्या. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, कमी जमिनीचे जे व्यवहार या कायद्याविरुद्ध झाले होते, ते नियमित करण्याची सोय २०१७ च्या दुरुस्तीने झाली आणि त्यासाठी बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागे. ऑक्टोबर २०२४ च्या अध्यादेशाने हा दर पाच टक्क्यांवर आणला, आणि पुढे २०२५ मध्ये नागरी वापराच्या क्षेत्रांतील तुकड्यांसाठी आणखी सवलत आली. पाच टक्क्यांचा दर लागू होऊन बरेच महिने उलटल्यानंतर एक वयस्कर शेतकरी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. अकरा गुंठ्यांचे जुने खरेदीखत होते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार झाल्याचा शेरा होता. रेडीरेकनरप्रमाणे त्या जमिनीची किंमत चार लाखांच्या आसपास होती. त्यांना आधी ज्यांनी सल्ला दिला होता, त्यांनी एक लाख रुपयांची तयारी ठेवायला सांगितले होते आणि त्यासाठी घरातले दागिने गहाण टाकण्याचे ठरत होते. प्रत्यक्षात भरायचे होते वीस हजार. सल्ला देणारे वकील अप्रामाणिक नव्हते. त्यांच्या टेबलावर तुकडेबंदी कायद्याची जी प्रत होती, तिच्यात पंचवीस टक्केच छापलेले होते.

अशी उदाहरणे एका कायद्यापुरती नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्राने १९७७ मध्ये घातलेले कलम ९-अ, म्हणजे अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकारक्षेत्राचा मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवून घेण्याची तरतूद, २०१८ मध्ये वगळण्यात आली. ज्यांची वकिलीची सारी वर्षे या कलमाच्या आधारे हरकती घेण्यात गेली, त्यांच्या दृष्टीने हा पायाभूत बदल होता. त्याच वर्षी न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-ब पासून स्वतंत्र प्रकरणच आले, तरी सोसायट्यांच्या वादांत जुन्याच कलमांवर लिहिलेल्या नोटिसा पुढे बराच काळ हाती येत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर आणि दोनशे रुपयांच्या अनेक मुद्रांकांची जागा पाचशे रुपयांनी घेतली. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केलेले आहे. तरीही जातीच्या, उत्पन्नाच्या किंवा रहिवासाच्या दाखल्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात आजही मुद्रांकाचा कागद दिसतो. वीस वर्षांत माफीचा आदेश न्यायालयाच्या फाटकापर्यंत पोहोचू शकला नाही, दर मात्र पोहोचला. हा दोष एकट्या मुद्रांक विक्रेत्याचा किंवा सेतू केंद्राचा नाही. ते प्रतिज्ञापत्र ज्या वकिलासमोर तयार होते, त्यानेही ‘याला मुद्रांक लागत नाही’ एवढे सांगणे अपेक्षित आहे.

माझे सांगणे असे की अद्ययावत ज्ञान हाच वकिलाच्या नीतीचा पहिला भाग आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) नियमांत वकिलाची न्यायालयाप्रती, पक्षकाराप्रती, विरुद्ध पक्षाप्रती आणि सहकाऱ्यांप्रती कर्तव्ये नेमकी लिहिलेली आहेत. पक्षकाराचे हित निर्भयपणे जपावे, त्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये, त्याच्या पैशांचा हिशेब ठेवावा, दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवू नये, असे हे नियम सांगतात. यातला शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यांत टक्केवारीची बोली होते, हे आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेलेल्या माणसाकडून कोऱ्या वकीलपत्रांवर आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, वाढीव रक्कम मंजूर झाली की तिचा एक हिस्सा आधीच कोणाच्या तरी नावे लागलेला असतो, आणि त्या माणसाला हा व्यवहार मुळात करताच येत नव्हता याची कल्पनाही नसते. खेदाची गोष्ट म्हणजे नुकतीच सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्या कित्येक मुलामुलींनाही ती नसते. त्यांनी महाविद्यालयात व्यावसायिक नीतीचा पेपर दिलेला असतो, पण ज्येष्ठांच्या कार्यालयात पहिल्या महिन्यापासून टक्केवारीच पाहिलेली असते.

न्यायालयांच्या निर्णयांची वानवा नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्ये स्पष्ट केले. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांना अक्षरशः ओढून नेणाऱ्या वकिलांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिज्ञ परिषदेने केलेली कारवाई दाभोळकर प्रकरणाच्या निमित्ताने सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. आता या जुन्या प्रश्नांत नवे येऊन मिळाले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, प्रत्यक्षात कधीही न दिले गेलेले निवाडे लेखी युक्तिवादांत उद्धृत होऊ लागले आहेत, आणि पक्षकाराची गोपनीय कागदपत्रे अशा सेवांवर चढवावीत की नाही, याचा विचार न करताच ती चढवली जात आहेत. निवाडा स्वतः वाचल्याशिवाय न्यायालयापुढे ठेवायचा नाही, ही शिकवण ज्येष्ठांकडून कनिष्ठाला मिळत असे. आज ती समोर बसवून, उदाहरणासह द्यावी लागेल.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय दिला. वकील म्हणून मला तो योग्य वाटतो, कारण आमचे पहिले कर्तव्य न्यायालयाप्रती आहे आणि ते ग्राहकाच्या समाधानाने मोजता येणार नाही. पण या निर्णयानंतर आमच्यावरची जबाबदारी वाढली आहे. चुकीच्या सल्ल्याने नुकसान झालेल्या शेतकऱ्याने ग्राहक आयोगात जायचे नाही असे ठरले असेल, तर चुकीचा सल्ला दिला जाऊ नये म्हणून आम्ही आणि शासनाने काय केले, हे त्याला विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील शिस्तभंगाची कारवाई नुकसान होऊन गेल्यानंतर सुरू होते, आणि एक लाख भरून बसलेल्या शेतकऱ्याचे जास्तीचे ऐंशी हजार रुपये तिच्यातून परत मिळत नाहीत.

इतर व्यवसायांकडे पाहिले की आमची उणीव ठळक होते. महाराष्ट्रातील डॉक्टरला वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांत प्रशिक्षणाचे तीस श्रेयांक मिळवल्याचे दाखवावे लागते. सनदी लेखापालांना दरवर्षी ठरावीक तास शिकावे लागते. न्यायाधीशांसाठी उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. एकाच न्यायकक्षात व्यासपीठावर बसणाऱ्याला प्रशिक्षण मिळते आणि समोर उभे राहणाऱ्याला ते स्वतःच्या खर्चाने, सवडीने आणि इच्छा असेल तरच घ्यावे लागते. वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय वकील परीक्षा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वैध ठरवली, हे चांगलेच झाले, पण ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते. त्यानंतर चाळीस वर्षे कोणी काही विचारत नाही. चर्चासत्रे आणि व्याख्याने आयोजित करणे हे राज्य विधिज्ञ परिषदेचे काम असल्याचे अधिवक्ता अधिनियमाच्या सहाव्या कलमात म्हटले आहे. महाराष्ट्र आणि गोवा विधिज्ञ परिषद असे कार्यक्रम घेते, त्यांचा मला स्वतःला लाभ झाला आहे. पण ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे ते तिथे नसतात, कारण येण्याचे बंधन नाही आणि येणे परवडतही नाही.

परदेशांतला अनुभव दोन्ही बाजूंनी पाहावा. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७५ मध्येच वकिलांना सततचे शिक्षण सक्तीचे केले, आणि कॅलिफोर्नियात आज तीन वर्षांत पंचवीस तासांची अट आहे, त्यातले काही तास नीतीसाठी राखीव आहेत. इंग्लंडमध्ये मात्र सॉलिसिटरांसाठीची तासांची अट २०१६ मध्ये काढून टाकली गेली आणि आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते शिकल्याची नोंद ठेवण्याची पद्धत आली. केवळ हजेरीपटावर सही करून ज्ञान वाढत नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो. आपल्याकडे तासांची सक्ती आणली तर प्रमाणपत्रे विकत मिळू लागतील, ही भीती खरी आहे. म्हणून तास थोडे असावेत, विषय नेमके असावेत आणि अर्धा भर प्रत्यक्ष प्रकरणांवर असावा.

वकिलांच्या सनदीवर राज्य शासनाचा अधिकार नाही आणि तो नसावाच, हे मी जाणते. शासनाविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाचे प्रशिक्षण आणि हजेरी शासनाच्या हातात गेली, तर वकिलीचे स्वातंत्र्यच धोक्यात येईल. त्यामुळे वर्ग, परीक्षण आणि नोंदी विधिज्ञ परिषदेकडेच राहाव्यात. तरीही आपल्या विभागाच्या अधिकारात पुष्कळ काही आहे.

सर्वांत आधी कायद्याचा पाठ. राज्याचा कोणताही अधिनियम दुरुस्त झाला की त्याची आजच्या तारखेची एकत्रित, अधिकृत प्रत मराठीत आणि इंग्रजीत त्याच दिवशी विभागाच्या संकेतस्थळावर यावी. दुरुस्ती कधीपासून लागू, प्रलंबित प्रकरणांचे काय, कोणते शुल्क किती बदलले, हे दोन पानांच्या सोप्या मराठी टिपणात सोबत असावे. आज आम्हाला मूळ कायदा एका ठिकाणी, दुरुस्ती दुसऱ्या राजपत्रात आणि नियम तिसरीकडे शोधावे लागतात, आणि तालुक्यातला वकील शेवटी बाजारात मिळेल त्या पुस्तकावर विसंबतो. हे काम विभागाचेच आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरे, सुरुवात स्वतःच्या वकिलांपासून करावी. जिल्हा सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील यांच्या नेमणुका शासन करते. विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे १९८४ चे नियम दुरुस्त करून राज्य कायद्यांतील बदल आणि व्यावसायिक नीती यांचे वार्षिक प्रशिक्षण ही नेमणुकीची आणि मुदतवाढीची अट करता येईल. सरकारी वकिलाने रद्द झालेल्या कलमाखाली हरकत घ्यावी, याहून शासनाला कमीपणा आणणारे दुसरे काही नसेल.

तिसरे, पैसा आणि जागा. विधिज्ञ परिषदेला या एकाच कामासाठी वार्षिक अनुदान द्यावे आणि वर्ग तालुक्याच्या वकील संघाच्या खोलीत, शनिवारी, मराठीत, विनाशुल्क व्हावेत, एवढीच अट घालावी. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतल्या परिषदांना माझा विरोध नाही, पण गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या तरुण वकिलाला त्यांचा उपयोग नाही. हीच परिषद गोव्याच्या वकिलांचीही आहे आणि तिथले कूळ व मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) यांचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे तिथले वर्ग तिथल्या अनुभवी वकिलांनीच घ्यावेत. नीतीचा वर्ग म्हणजे भाषण नको. कोऱ्या वकीलपत्राचा नमुना पुढे ठेवून, टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला काय उत्तर द्यायचे, दोन्ही पक्षकार एकाच गावचे आणि ओळखीचे असताना कोणाचे काम नाकारायचे, यावर चर्चा व्हावी. ती चर्चा निवृत्त न्यायाधीश आणि त्या जिल्ह्यातील सचोटीचे म्हणून ओळखले जाणारे वकील उत्तम घडवून आणतील.

या प्रशिक्षणाला देशभर कायद्याचे बळ मिळावे म्हणून अधिवक्ता अधिनियमात आवश्यक ती दुरुस्ती करण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे आणि भारतीय विधिज्ञ परिषदेकडे करावी, अशीही विनंती आहे. त्याला वेळ लागेल. पण एकत्रित प्रत आणि मराठी टिपण या दोन गोष्टींना वेळ लागण्याचे कारण नाही. येत्या अधिवेशनात मंजूर होणाऱ्या पहिल्या दुरुस्ती अधिनियमापासून त्या सुरू व्हाव्यात आणि ते टिपण राज्यातील प्रत्येक तालुका वकील संघाकडे पाठवले जावे.

कळावे.

आपली विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील