टॉर्च धर म्हणणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

बाबांनी चार दिवस टीव्ही ऐकला, तुम्हाला ठाऊकच आहे. पडदा काळाठिक्कर आणि आवाज खणखणीत. ते रोजच्या खुर्चीत, रोजच्या वेळेला, त्या काळ्या काचेकडे बघत बसायचे आणि समालोचक ओरडला की पुढे झुकायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने रिमोटचं बटण दाबलं, सेटच्या मागे एकदा डोकावलं आणि म्हणाला, ‘पॅनेल गेलंय, नवीनच घ्या.’ दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मग तुमच्या लेकीने तुमचा नंबर दिला. म्हणाली, ‘आईने उभा जन्म टीव्ही उघडण्यात घालवलाय, तिला विचार.’ मी भीतभीतच फोन केला. मी सगळं सांगून झाल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘त्याने टॉर्च लावून बघितलं का?’ नाही म्हटलं. ‘मग पॅनेल गेलं हे त्याला कळलं कसं?’

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण या घडीला कुणीतरी असाच काळा पडदा समोर ठेवून नव्या टीव्हीची चौकशी करत असेल, त्याच्याही हाती ते लागावं म्हणून उघड लिहिते आहे.

तुमचे पहिले प्रश्न मला तेव्हा फारच साधे वाटले होते. रिमोटने आवाज कमी-जास्त होतो का? चॅनेल बदलतं का? म्हणजे सेटचा मेंदू शाबूत आहे का, हे तुम्ही चाचपत होतात. मी मात्र केबल बदलून, रिमोटचे सेल बदलून थकले होते. मग म्हणालात, ‘खोलीत अंधार कर, प्लग काढून पुन्हा लाव आणि चालू करताना पडद्यावरून नजर हटवू नकोस.’ तेव्हा दिसलं. पडदा पाऊण सेकंदभर करडा उजळला आणि विझला. चार दिवस तो दर वेळी असाच उजळत असणार, पण आम्ही दिवसाउजेडी, रिमोटकडे बघत टीव्ही लावत होतो.

तुम्ही फोनवर ‘हं’ म्हणालात. त्या ‘हं’चा अर्थ नंतर उलगडून सांगितलात. मेन बोर्ड हुकूम देतोय, पॉवर बोर्ड दिवे लावायला जातोय, पण त्याला काहीतरी खटकतंय आणि तो हात मागे घेतोय. दिव्यांच्या सर्किटमध्ये बिघाड दिसला की ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा भाग, स्वतःहून बंद होतो, ती त्याची राखण.

आणि मग टॉर्च. ‘मेनू उघडून ठेव, म्हणजे चित्र हलणार नाही. टॉर्च काचेला जवळजवळ टेकव आणि तिरका धर.’ मी फोनचा टॉर्च लावला. आधी नुसतंच माझ्या बोटांचं प्रतिबिंब दिसलं. हात जरा कलता केला आणि त्या उजेडाच्या वर्तुळात अक्षरं उमटली, फिकट, राखाडी, पाण्याखाली लिहिल्यासारखी. वर्तुळ सरकवलं की पुढचे शब्द, मागचे पुन्हा अंधारात. मेनू बंद केला तर तिथे माणसं हलत होती! बाबा चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावून बसले आणि म्हणाले, ‘अरे, हा तर खेळतोय.’ पुढची दहा मिनिटं त्यांनी सामना तसाच, ताटलीएवढ्या उजेडात बघितला. मी टॉर्च धरून उभी.

एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच, हे मला तोवर माहीत नव्हतं. नावावरून वाटायचं की चित्रच एलईडीचं बनतं. तुम्ही सांगितलंत की पुढची काच स्वतः तसूभरही उजेड देत नाही. ती नुसती खिडकी, मागून येणारा उजेड ठिपक्या-ठिपक्याला अडवणारी किंवा सोडणारी. उजेड मागच्या एलईडींचा. ते विझले तरी खिडकी आपलं काम करत राहते, फक्त ते कुणाला दिसत नाही. टॉर्चचा प्रकाश काचेतून आत जातो, मागच्या पांढऱ्या थरावर आपटून परत येतो आणि तेवढ्यापुरतं चित्र दिसतं. टॉर्चनेही काहीच दिसलं नसतं, तर मात्र मेन बोर्ड, टी-कॉन (मेन बोर्डाकडचं चित्र काचेपर्यंत पोचवणारा छोटा बोर्ड) किंवा खुद्द पॅनेल यांच्याकडे बोट गेलं असतं, हेही तुम्ही सांगून ठेवलंत.

तुम्ही मध्येच विचारलंत, ‘गेले काही महिने पडदा निळसर-जांभळट वाटत होता का गं?’ मी नाही म्हणणार इतक्यात बाबा मागून म्हणाले, ‘हो, मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही.’ पांढरा एलईडी आतून निळाच असतो, त्यावरच्या फॉस्फर नावाच्या पिवळ्या थरामुळे तो पांढरा दिसतो, आणि उष्णतेने तो थर खराब झाला की निळा वर येतो. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, हे मला पाठ होतं, सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी केलेलं. ते घरच्या टीव्हीच्या पोटात बसलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

खरे आभार मात्र यापुढच्या भागासाठी.

टॉर्चने उत्तर दिल्यावर मला चेव चढला. व्होल्ट मोजायचं मीटर हातात घेऊन मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला, मागचं कव्हर काढलेलं. स्क्रू कागदाला चिकटपट्टीने जागच्या जागी लावले होते, त्याचं तुम्ही कौतुक केलंत आणि लगेच आवाज चढवलात, ‘प्लग कुठंय?’ प्लग काढलेला होता. ‘किती वेळ झाला?’ दोन मिनिटं. ‘हात मागे घे.’

मग तो वीज साठवून ठेवणारा मोठा कंडेन्सर दाखवलात. तुम्ही अजून कंडेन्सरच म्हणता, कॅपॅसिटर नाही, आणि आता मीही तसंच म्हणते. 230 व्होल्टचा एसी सरळ केला की त्याच्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात डीसी बसतो, काही सेटमध्ये त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे दबा धरून असतो. मीटर हजार व्होल्ट डीसीवर ठेवून मोजायला लावलंत, डावा हात पाठीमागे. तुमच्या पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय ती. वीस-पंचवीस हजार व्होल्टशेजारी काम करताना एक हात खिशातच ठेवायचा, म्हणजे चुकून शॉक बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. मीटरवर 61 आले. थांबलो. 38. थांबलो. पाचाच्या खाली येईपर्यंत तुम्ही तुमच्या नातवाच्या शाळेच्या गोष्टी सांगत बसलात. कंडेन्सर झटकन रिकामा करायला स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची युक्ती मला माहीत होती. मी ती बोलून दाखवली आणि चांगली बोलणी खाल्ली.

बोर्डावर फुगलेलं, काळवंडलेलं काही नव्हतं. मी म्हटलं, आता प्लग लावून एलईडीच्या कनेक्टरवर व्होल्ट बघते. आणि तुम्ही नाही म्हणालात. त्या आकड्यावरून पुष्कळ कळलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. एलईडींची माळ कुठेतरी तुटली असेल तर ड्रायव्हर व्होल्टेज वर वर चढवत नेतो आणि मर्यादेला पोचला की बंद होतो. शॉर्ट असेल तर व्होल्टेज हवं त्यापेक्षा खालीच राहतं. ‘पण तिथे शंभराच्या वर डीसी असेल आणि तू पहिल्यांदा मीटर धरते आहेस. तो आकडा नसला तरी माझं अडत नाही. एलईडींच्या पट्ट्या बाहेर काढल्या की साध्या बॅटरीवर तेच कळेल.’ ज्यांना सगळं येतं, त्यांनी एक पायरी मुद्दाम गाळली. दुसऱ्या कुणी फोनवर ‘लाव गं, काही होत नाही’ म्हटलं असतं आणि मी लावलं असतं.

पॅनेल उघडायला तुम्ही माझ्या भावाची वाट बघायला लावलीत. बरं झालं. ती काच इतकी पातळ असते की एका कोपऱ्याने उचलली तर तडा ठरलेला, आणि तिच्या कडेला लटकणाऱ्या त्या तपकिरी रिबनी... एक जरी दुमडली तरी पडद्यावर कायमच्या रेघा, आणि मग तो दुरुस्तीवाला खरा ठरला असता. टेबलावर दुलई, दोघांनी दोन बाजूंनी धरून काच उतरवली. आतले पांढरे कागदासारखे थर एकामागून एक काढले, प्रत्येकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलची खूण करून.

तळाशी तीन पट्ट्या, प्रत्येकीवर सहा एलईडी, प्रत्येकावर भिंगाची टोपी. मी मीटर डायोडवर ठेवून पहिला एलईडी तपासला. काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा, काही नाही. ‘काकू, सगळेच मेले!’ मी जाहीर करून टाकलं. तुम्ही हसलात. मीटरच्या डायोड मोडला दोन-तीन व्होल्टच्या पुढे दम नसतो, आणि हे सहा व्होल्टचे एलईडी, एकाच डबीत दोन चिपा एकापाठी एक. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक किलोओहमचा रेझिस्टन्स, बस. तीन मिलिअँपिअरच्या आसपास करंट, पण डोळ्याला दिसायला पुरेसा.

मग एकेक टिमटिमत गेला. भाऊ मोजत होता. पहिली पट्टी सहाच्या सहा. दुसरीचा चौथा गप्प. तारा उलट्या लावून बघितल्या, गप्पच. भिंगाखाली वाकून पाहिलं तर पिवळ्या ठिपक्याच्या मध्यात टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग. तिसरी पट्टी पुन्हा सहाच्या सहा. अठरांपैकी सतरा जिवंत, पण सगळे एकाच माळेत, त्यामुळे एकाने साखळी तोडली आणि अख्खा पडदा काळा. एवढ्याशा डागासाठी आम्ही तो टीव्ही मोडीत काढणार होतो.

मला तो एकच एलईडी बदलायचा होता. तुम्ही ठाम होतात, तिन्ही पट्ट्या बदल. बाकीचे सतरा त्याच्याच वयाचे, तेवढेच तापलेले, आज नाही तर चार महिन्यांनी पुढचा जाईल आणि काच पुन्हा उतरवावी लागेल. शिवाय नवा एकटा जास्त उजळ दिसेल. पट्टीच्या पाठीवर छापलेला नंबर, एलईडींची संख्या, व्होल्टेज, लांबी, कनेक्टर, सगळं फोटो काढून जुळवायला लावलंत. तीन व्होल्टच्या पट्ट्या दिसायला अगदी तशाच असतात, हेही बजावलंत.

नव्या पट्ट्या आल्या, बसल्या. पडदा उजळला तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, खुर्ची नेहमीच्या जागी सरकवून बसले. तुमच्या सांगण्यावरून मी सेटिंगमध्ये गेले तर बॅकलाइट शंभरावर होता, बहुधा पहिल्या दिवसापासून. ब्राइटनेस आणि बॅकलाइट या दोन वेगळ्या गोष्टी, ब्राइटनेसने चित्रातला काळेपणा बदलतो, एलईडींवरचा भार बॅकलाइटने ठरतो. आता तो साठावर आहे. बाबांना फरक कळलेला नाही, आणि तुम्ही कृपया सांगू नका.

एक कबुली राहिली. थर परत बसवताना कुठूनतरी एक केस आत गेला. फोटोत मी तो तुमच्यापासून लपवला होता. पडद्यावर पांढरं दृश्य आलं की खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक वाकडी सावली दिसते. भाऊ म्हणतो उघडू या, बाबा म्हणतात हात लावशील तर बघ.

त्या जुन्या पट्ट्या मी टाकलेल्या नाहीत. कधी रात्री बॅटरी लावून बघते, सतराही अजून पेटतात. त्यांचं काय करता येईल, तेवढं सांगा. या वेळी विचारल्याशिवाय काही उघडणार नाही.

आपली,
टॉर्च धरून उभी राहिलेली