रजेचे दिवस शून्य तास धरतात त्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची सातारची, सध्या इंग्लंडमधे एका केअर होममधे कामाला आहे, आणि तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचते. इकडे आपली बरीच मुलंमुली आलीयत, कोणी नर्स, कोणी केअर वर्कर, कोणी शिकता शिकता काम करणारी, आणि त्यातल्या खूप जणांना आपले तास कसे मोजतात तेच माहीत नसतं, म्हणून हे पत्र.

इथे 1998 चे वर्किंग टाइम रेग्युलेशन्स, म्हणजे कामाच्या तासांचे नियम आहेत. ओव्हरटाइम धरून आठवड्याला सरासरी 48 तासांच्या वर काम करून घेता येत नाही. ही सरासरी बहुतेक ठिकाणी 17 आठवड्यांची काढतात, त्यामुळे एखाद्या आठवड्यात 55 तास भरले तरी चालून जातं. घोळ होतो तो रजेपाशी.

माझंच सांगते. गणपतीला दोन आठवडे घरी आले होते. परत गेल्यावर पहिल्याच दिवशी स्टाफ रूमच्या फ्रिजवर नवा रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक चिकटवलेलं, माझ्या नावापुढे दोन जादा शिफ्ट. मॅनेजर बाई म्हणाल्या तुझी सरासरी 44 आलीये, अजून जागा आहे. आता मी जेवणाची सुट्टी वगळून दिवसाला 10 तास, आठवड्यातून 5 दिवस, म्हणजे 50 तास करत होते, मग 44 आले कुठून? तर त्यांनी माझ्या 15 आठवड्यांचे 750 तास घेतले आणि सरळ 17 ने भागले. म्हणजे आईजवळ बसून मोदक वळले ते दोन आठवडे शून्य तास म्हणून हिशोबात घातले!

नियम तसा नाहीये. 17 आठवड्यांत जेवढे कामाचे दिवस रजेत गेले, तेवढेच दिवस ते 17 आठवडे संपल्यानंतरचे घ्यायचे, आपण प्रत्यक्ष काम केलेले, आणि त्यांचे तास वर मिळवायचे. माझे 10 दिवस रजेचे, म्हणून पुढच्या 10 दिवसांचे 100 तास. 750 अधिक 100 म्हणजे 850, भागिले 17, सरासरी 50. म्हणजे जागा तर नव्हतीच, उलट मी 48 च्या वर होते. आजारपणाची आणि बाळंतपणाची रजाही अशीच धरतात.

मी रोजचे तास कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ठेवते, ते घेऊन पुढचे 10 दिवस भरल्यावर बाईंसमोर बसले आणि दोघींनी मिळून बेरीज केली. त्यांनी मान्य केलं, त्यांनाही कोणी नीट शिकवलं नव्हतं म्हणे, आणि पुढच्या रोट्यात माझे तास कमी केले. पण तोवर त्या दोन जादा शिफ्ट मी करून बसले होते आणि पाठ धरली होती ती वेगळीच.

अजून एक, 48 च्या वर काम करायला तयार आहे असा ऑप्ट-आउटचा कागद असतो. माझ्या रूममेटने पहिल्या दिवशी वीस कागदांबरोबर त्याच्यावरही सही केली, न वाचता. ही सही सक्तीची नाही, आणि केली असली तरी लेखी कळवून मागे घेता येते, निदान 7 दिवस आधी, करारात लिहिलं असेल तर जास्तीत जास्त 3 महिने आधी. नोकरी देणाऱ्याने व्हिसासाठी दिलेली स्पॉन्सरशिप जाईल या भीतीने आपली माणसं विचारतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

रजेचा पगार काढताना मात्र गणित वेगळं, तास किंवा पगार कमीजास्त होत असेल तर तिथे 52 आठवड्यांची सरासरी असते आणि ज्या आठवड्यात पगारच नव्हता तो सोडून मागचा घेतात. आणि स्टुडंट व्हिसावर डिग्री करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे नक्की वाचावं, कॉलेज चालू असताना जे आठवड्याला 20 तास असतात त्यांची सरासरी अजिबात काढत नाहीत. मागच्या आठवड्यात 10 केले म्हणून या आठवड्यात 30, असं केलं की व्हिसाचा नियम मोडला.

अडलं तर इथे एकॅस नावाची संस्था आहे, हेल्पलाइनवर फुकट सल्ला देतात. एजंट पगाराचा आकडा सांगतात, यातलं काही सांगत नाहीत. तुमच्या पेपरात परदेशी नोकऱ्यांच्या जाहिराती येतात, त्याच पानावर हे गणित एकदा छापा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, इंग्लंड (मूळ सातारा)