आधी नियम, मग भुतं

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या भुतांच्या पटावरच्या खेळाचे नियम मिळाले. पेन्सिल हातात धरूनच वाचले. निवृत्त झाले तरी ती सवय काही जायची नाही. बाबांनी फक्त चित्रं पाहिली आणि 'छान काढलीयेत' म्हणाले. छान आहेतच. खवीस तर असा काढला आहेस की तो कागद मी रात्री देवघराच्या टेबलावर ठेवला नाही. पण या खेळात चित्राची भीती दुसऱ्या डावापर्यंतसुद्धा टिकायची नाही. मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, समंध एवढी सगळी मंडळी गोळा केलीस, आणि प्रत्येकाचा नियम मात्र एकच: फासे टाका, अमुक आकडा आला तर तुम्ही जिंकलात, नाही तर एक जीव कमी. म्हणजे नावं आणि चित्रं काढून टाकली तर उरते ती बेरीज-वजाबाकी. ती मी तीस वर्षं शिकवली, कोणी घाबरलं नाही. (काही जण घाबरले, पण ते वेगळ्या कारणाने.)

आता तूच घरात आणून ठेवलेला तो 'बिट्रेयल ॲट हाउस ऑन द हिल' घे. 2004 चा मूळ खेळ, आपल्याकडे त्याची दुसरी आवृत्ती आहे. घराची एकेक खोली उघडत जायचं, आणि अपशकुनाचं पान निघालं की सहा फासे टाकायचे. फाशांवर फक्त शून्य, एक आणि दोन. सहांची बेरीज तोवर निघालेल्या अपशकुनांपेक्षा कमी आली की घर उलटतं, आणि बहुतेक वेळा आपल्यातलाच एक जण फितूर होतो. मी मांडून पाहिलं. पहिल्या अपशकुनाला घर उलटण्याची शक्यता 729 पैकी 1. तिसऱ्याला 28, पाचव्याला 168, म्हणजे शेकडा 23. सातव्याला 435, जवळजवळ शेकडा 60. सुरुवातीला सगळे हसत फासे टाकतात, आणि पाचव्या पानापासून टेबलावर कोणी बोलत नाही. त्या शांततेत चित्राचा वाटा काहीच नाही, ती त्या चढत्या आकड्यांनी आणली. मग फितूर झालेला माणूस आपलं पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत वाचायला जातो, बाकीचे आपलं पुस्तक वाचतात, आणि समोरच्याला काय हवंय हे कोणालाच माहीत नसतं. असे पन्नास वेगवेगळे शेवट त्या पेटीत आहेत. त्यातले काही अगदीच तकलादू आहेत, ही गोष्ट निराळी.

किंवा 'फ्युरी ऑफ ड्रॅक्युला'. 1987 मध्ये इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉपने काढला, स्टीफन हँड यांचा खेळ. युरोपचा नकाशा, एक जण ड्रॅक्युला आणि बाकीचे त्याच्या मागावर. ड्रॅक्युलाची बाहुली पटावर नसतेच. नंतरच्या आवृत्त्यांत त्याने गेली सहा ठिकाणं पालथ्या पत्त्यांनी रांगेत मांडलेली असतात, आणि शिकारी त्यातल्या एखाद्या शहरात पोचला की तो पत्ता उलटवायचा. मागच्या दिवाळीत बाबा ड्रॅक्युला होते आठवतं? समुद्रात रक्त कमी होतं हे ठाऊक असून समुद्रातच बसून राहिले, आणि आपण सगळे मेले स्पेनमध्ये शोधतोय! चेहऱ्यावर तर असं, जणू वीजबिल वाचतायत. हा खेळ त्यांना इतका साधतो, कारण मुळात तो न बोलणाऱ्या माणसाचा आहे.

त्याच 1987 साली अमेरिकेत रिचर्ड लॉनियस यांचा 'आर्कम हॉरर' आला. त्याचा पट, ते फाटे, ती दारं माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाहीत, पण एक गोष्ट मला फार पटली. तिथे शुद्ध म्हणजे एक शिल्लक असते. राक्षस दिसला की ती घटते, आणि मंत्र म्हणायचा तरी त्यातूनच मोजावी लागते. ज्याने जीव वाचवायचा तेच तुम्हाला वेड्यांच्या इस्पितळाकडे ढकलतं. तुझ्या खेळातल्या मांत्रिकाला मात्र मंत्र फुकट मिळतात, त्यामुळे सगळ्यांना मांत्रिकच व्हायचं असणार.

म्हणून सांगते, आपल्या भुतांच्या गोष्टींत नियम आधीच आहेत, ते शोध. चकवा घे. तो कोणाला मारत नाही, वाटेवर फिरवत ठेवतो. मग त्याला फासे कशाला? रात्री खेळाडूने पाऊल उचललं की मागची फरशी, म्हणजे पटाचा तो तुकडा, पालथी होऊन गठ्ठ्यात मिसळू दे. म्हणजे पुढे जातोय असं वाटता वाटता तो पुन्हा त्याच वडाखाली येईल, आणि चकवा लागलाय हे त्याला स्वतःलाच उशिरा कळेल. गिऱ्ह्याचं राज्य पाण्यात, तेव्हा ओढ्याच्या फरशीवर एकट्याने थांबायचं नाही, एवढाच नियम पुरे. मुंजा पिंपळ सोडून जात नाही, तर त्याला पटभर हिंडवू नकोस. जागा पक्की असलेल्या भुताची भीती जास्त, कारण वाट तिथूनच जाते.

आणि देवचाराला तू सरळ शत्रूंच्या यादीत टाकलास, हे मला अजिबात आवडलं नाही. आपल्याकडे तो राखणदार. आजी सांगायची, काठीचा आवाज करत पुढे चालतो आणि चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. मान ठेवला नाही तर मात्र रागावतो. पटावर असं एक पात्र हवंच, ज्याच्याशी कसं वागलात यावर ते कोणाच्या बाजूने हे ठरेल. दिवसा सीमेवर नारळ ठेवला असेल तर रात्री तो सगळ्यात मागे राहिलेल्याला एक फरशी सरळ करून दाखवेल. नारळ सगळ्यांनी मिळून ठेवायचा, मदत एकालाच. भांडू देत.

तुझ्या खेळातल्या दिवस-रात्रीचं म्हणशील तर त्यासाठी लांब जायला नको. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा बघ: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा गोल पत्ते, एकूण 120. दिवसा डावाची सुरुवात रामाकडून, रात्री कृष्णाकडून. राजा आणि प्रधान सोडले तर पाच अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या पाचांत एक्का. म्हणजे एकाच हातातले पत्ते अर्धे सरळ आणि अर्धे उलटे मोजायचे! राजवाड्यात त्या रंगवताना तू लहानपणी पाहिल्या आहेस, पण खेळायला कोणी बसवलं नाही तुला.

तुझ्या 'विशेष शक्ती'च्या पत्त्यांबद्दल. पत्त्यागणिक तीन-तीन ओळी लिहिल्यास. 1977 च्या 'कॉस्मिक एन्काउंटर'मध्ये प्रत्येक परग्रहवासीला एक नियम मोडायची मुभा असते. बाकीचे आपली जहाजं आणि पत्त्यावरचा आकडा यांची बेरीज करतात, 'व्हायरस' त्यांचा गुणाकार करतो. बस, लक्षात ठेवायला एक शब्द. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ रचणाऱ्या रिचर्ड गारफिल्डनेही या खेळाचं ऋण मानलं आहे, आणि तो गणितातला डॉक्टर, हे मी मुद्दाम सांगतेय.

आणखी एक अडचण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. सगळे मिळून एका बाजूला खेळणार आणि सगळं सगळ्यांना दिसणार, तर मामासारखा एखादा माणूस सगळ्यांचेच डाव खेळेल. 'तू इकडे जा, तू ते उचल.' बाकीचे चहा पीत बसतील. पोलंडच्या 'नेमेसिस'मध्ये यावर उपाय आहे. यानात सगळे एकत्र अडकलेले, पण प्रत्येकाचं उद्दिष्ट गुप्त, त्यामुळे मामाने सल्ला दिला तरी तो ऐकावा की नाही याचीच धास्ती. तुझ्या खेळात फितूर नको असेल तर नको, पण प्रत्येकाच्या हातात न दाखवायची एक तरी गोष्ट दे. कोणीतरी नवस बोललेला असू दे.

गणपतीला येशील तेव्हा काही छापून आणू नकोस, कोरे पुठ्ठे आण, कात्री इथे आहे. आणि नियम तू समजावून सांगायचे नाहीस. कागद मामाच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण कर.

त्याआधी एवढं कळव: नारळ कोणीच ठेवला नाही, तर देवचार त्या रात्री येतच नाही, की येतो आणि उलटी वाट दाखवतो? मला दुसरं बरं वाटतं. बाबा पहिलं म्हणतात.

तुझी,
आई