आधी कान तपासा, मग फी भरा

महोदय,
बारावी झाली की वैमानिक व्हायचे म्हणून गोंदिया, बारामतीच्या संस्थांची चौकशी सुरू होते. फीसाठी कर्ज निघते. कानांची तपासणी मात्र सर्वांत शेवटी! व्यावसायिक परवान्याला वर्ग १ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार कोणत्याही कानात ५००, १००० व २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा, ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त श्रवणदोष चालत नाही. बंद खोलीत हेडफोन लावायचा, बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचे, एवढीच ती ऑडिओमेट्री. दोष निघाला म्हणून लगेच आशा सोडू नये; कॉकपिटसारख्या गोंगाटात बोलणे नीट कळत असेल, तर पात्र ठरवण्याची तरतूद त्याच निकषात आहे. प्रशिक्षण संस्थांनी पहिला हप्ता घेण्यापूर्वीच हा अहवाल मागावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, अमरावती